वानरांची टोळी रात्रीचं झाड कशावरून ठरवते?

कोरडवाहू

तूर शेंगांवर आली की आमच्याकडे जागल सुरू होते. चिमूर तालुका, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरला लागून वावर, म्हणजे शेत. रात्री रानडुक्कर आणि रोही (नीलगाय), दिवसा वानर, असा दुहेरी पहारा. नुकसानभरपाईचा विषय इथे काढत नाही, त्यावर धागे ढिगाने आहेत. मला विचारायचंय ते वेगळंच.

धुऱ्यापलीकडे नाला आहे, जानेवारी सरेपर्यंत त्यात डबकी टिकतात. काठाने अर्जुन, जांभूळ, उंबर, थोडे बेहडे. वावराच्या कोपऱ्यात एक जुना मोह. मोह इतका ऐसपैस की पोरंसोरंही सहज चढतात, फांद्या आडव्या आणि जाड. झोपायला याहून बरं झाड नाही असं आपल्याला वाटावं. टोळी दुपारभर त्याच मोहावर पडलेली असते. पण ऊन कललं की उठते आणि नाल्याकडे सरकते. रात्र काढायची ती ठरावीक अर्जुनांवर, नाहीतर एका उंच बेहड्यावर. मोहावर कधी म्हणजे कधीच नाही.

चढायची रीतही पाहण्यासारखी आहे. उजेड असेपर्यंत तोंड चालूच. पार शेवटच्या घटकेला एक म्हातारी मादी बुंध्याला हात घालते आणि मग एकामागे एक सगळी. दिवसभर कवेलूंवर आणि बांधावर धिंगाणा घालणारी टोळी त्या वेळी चिडीचूप असते. पिल्लंवाल्या माद्या अगदी बाहेर, फांदी मनगटाएवढी होते तिथे जाऊन बसतात. हुप्या, म्हणजे टोळीतला मोठा नर, बुंध्याजवळच्या बेळक्यात. थोडी ढकलाढकली, एखाद्या पिल्लाचं चिरकणं, की संपलं.

आणि एकाच झाडावर फार रात्री सलग काढत नाहीत. आज हे, परवा ते, पण फिरून त्याच चार-पाच झाडांवर. हे कशावरून ठरतं? आणि ठरवतं कोण?

बाभूळकाटा

ठरवत असेल हुप्याच. सरपंच आणि ग्रामसभा, दोन्ही तोच.

मेळघाटी

मी बराच काळ जंगलातल्या कॅम्पवर काढला आहे, त्यामुळे थोडं सांगू शकतो. तुमच्या मोहाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. ज्या झाडावर पोरं सहज चढतात त्यावर बिबट धावत चढतो.

वाघाची वानराला झाडावर फारशी भीती नसते, वाघ जड आहे. अजगराने पिल्लू उचललं असं कधीमधी ऐकू येतं. पण रात्रीचा खरा वैरी बिबट. म्हणून बुंधा सरळ हवा, पहिली फांदी उंच हवी, आणि बुंध्यावर वेल नको. पळसवेल किंवा माहूल चढलेल्या झाडावर टोळी सहसा रात्र काढताना मी पाहिलेली नाही. माहुलाचा जाड वेल म्हणजे बिबट्याला जिना मिळाला.

आता अर्जुनाकडे जवळून पाहा. साल पांढुरकी, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. त्यामुळे बिबट चढत नाही असं नाही, चढतो. पण चढला की खुणा राहतात. आमच्या कॅम्पमागच्या अर्जुनावर डोक्याच्या वर हात पोचेल तिथपासून नखांचे उभे चर होते. काही जुने, कडा भरून आलेले, काही ताजे, आतली तांबूस साल दिसणारे. त्यातले चर एका जागी एकदम तिरपे घसरत गेलेले होते. तिथून पुढे चर नाही. तिथूनच खाली उतरला असावा.

पिल्लंवाल्या माद्या बाहेर का, तर मनगटाएवढी फांदी वानराला पेलते, चाळीस-पन्नास किलोच्या बिबट्याला पेलत नाही. तो आला तरी त्याच्या वजनाने फांदी आधी हलते आणि झोपलेली जागी होतात.

जुने वनमजूर सांगायचे की बिबट्याला प्रत्येक वेळी पकडावंच लागत नाही. तो अर्ध्यावर चढून घाबरवतो, अंधारात टोळी सैरावैरा उड्या मारते आणि एखादं खाली पडतं. सकाळी झाडाखाली केसांचा पुंजका आणि ओढत नेल्याची फरफट मी पाहिली आहे. आदल्या रात्री काय झालं ते मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं.

संत्रेवाला_वरूड

बाप्पा, सारं बिबट्यावर ढकलू नका. आमच्याइकडे वानर झोपते कुठी? तं सकाळी जिथं खायचं हाय तिथं. आंबिया बहाराची संत्री रंगावर आली की टोळी माह्या बगिच्याच्या कडच्या निंबावर. तोड झाली की टोळी गायब, मंग हरभऱ्याच्या वावराजवळच्या चिंचेवर. बिबट काय माही तोड पाहून हालते का? पोटाचं गणित हाय सारं.

शेंडेफळ

संत्रेवाले भाऊ आणि मेळघाटी, दोघांचंही बरोबर आहे आणि अभ्यासकांतही हाच वाद आहे. मी नागपूरला प्राणिशास्त्र शिकले, पुढे नोकरी वेगळ्याच क्षेत्रात लागली, पण हे वाचत असते.

माकडांवरचं काम आधी बहुतेक दिवसाचं होतं. अंधार पडला की अभ्यासक परत जायचे. 1984 साली जेम्स अँडरसन यांनी माकडं आणि कपींच्या (चिंपांझी, गोरिला यांसारख्या बिनशेपटीच्या) झोपेवर तोवर झालेल्या कामाचा आढावा घेतला, तेव्हापासून या प्रश्नाकडे नीट पाहिलं जाऊ लागलं. उष्ण कटिबंधात रात्र जवळपास बारा तासांची, म्हणजे निम्मं आयुष्य त्या झाडावर जातं. तरी त्याकडे दुर्लक्ष.

पोटाच्या बाजूने आधी. 1989 मध्ये कोस्टा रिकातल्या सांता रोसा इथल्या कोळी-माकडांवर चॅपमन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. कोळी-माकडं म्हणजे लांब हातापायांची, शेपटीने लटकणारी, फळं खाणारी. त्यांचं म्हणणं असं की पक्षी जसा एकाच घरट्याकडे परततो तसं हे करत नाहीत. यांचे मुक्काम अनेक, आणि ज्या भागात सध्या खाणं आहे त्याच्या जवळचा मुक्काम त्या रात्री निवडतात. त्यामुळे सकाळ-संध्याकाळची पायपीट वाचते. भाऊ, तुमची निंब आणि चिंच हेच करतात.

भीतीच्या बाजूने आपल्या देशातलंच उदाहरण आहे. उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी दक्षिण भारतातल्या टोपीवाल्या माकडांवर 2001 साली काम प्रसिद्ध केलं, विषय हाच, बिबट्यापासून बचावासाठी माकडं कुठे झोपतात. शेजारच्या झाडांपेक्षा डोकं वर काढलेली उंच झाडं त्यांना पसंत. बोर्निओतली लांब नाकाची माकडं तर संध्याकाळी हटकून नदीकाठी येतात. पाण्यावर झुकलेल्या झाडावर बसलं की एक बाजू आपोआप राखली जाते, शत्रूने यायचं तर जमिनीकडूनच. तुमचा नाला जानेवारीत डबक्यांवर आलेला असला तरी वरच्या फांद्या मोकळ्यावर लोंबतात, तिथे शेजारच्या झाडावरून येता येत नाही.

माझा कल असा : कोणत्या भागात झोपायचं ते पोट ठरवतं, त्या भागातलं कोणतं झाड ते बिबट ठरवतो. मोह खाण्याच्या भागात होता, पण दुसऱ्या परीक्षेत नापास झाला.

मेळघाटी

एक शंका. शेजारच्या झाडावरून येता येत नाही तर जाता तरी कसं येईल? डोकं वर काढलेलं एकटं झाड म्हणजे बिबट बुंध्याशी आला की सगळी अडकली. मी चिखलदऱ्याकडे पाहिलंय, तिथे टोळ्या अशा झाडावर बसतात ज्याच्या शेंड्याला दुसऱ्या झाडाचा शेंडा लागलेला असतो.

शेंडेफळ

हा खरा पेच आहे आणि याचं एक उत्तर नाही. वानराची उडी लांब असते आणि खालच्या दिशेने तर फारच. त्यामुळे त्याला चिकटलेल्या शेंड्याची गरज नाही, उडीच्या टप्प्यातला पुरतो. बिबट ती उडी घेणार नाही. म्हणजे आदर्श झाड ते, जिथून वानराला जाता येतं आणि बिबट्याला येता येत नाही. अशी झाडं थोडी असतात. म्हणून तुम्हाला तीच चार-पाच दिसतात.

जिथे झाडंच धड नाहीत तिथे झाडाचा आग्रहही नाही. इथिओपियाच्या पठारावरची गेलाडा नावाची माकडं उभ्या कड्यांच्या कपारीत झोपतात. चीनच्या ग्वांगशीमधली पांढऱ्या डोक्याची वानरं चुनखडीच्या कड्यांवर. ब्राझीलमधलं सोनेरी सिंह-टॅमरिन नावाचं माकड इतकं लहान की ते झाडाच्या ढोलीत शिरतं. आपल्या वानराला ढोलीत कोण घेणार.

पाऊलवाट

मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, गोंदिया जिल्हा. मुलांचा नेहमीचा प्रश्न विचारते, हसू नका : झोपेत पडत कसे नाहीत?

शेंडेफळ

हसण्यासारखं काही नाही. वानरं आडवी होऊन झोपत नाहीत, बसून झोपतात. ढुंगणावर दोन टणक, केस नसलेले घट्टे असतात. आफ्रिका-आशियातल्या सगळ्या माकडांना ते आहेत. त्यावर भार टाकून तासन्‌तास बसता येतं, रक्त अडत नाही, कातडी सोलत नाही. पाय पुढच्या फांदीला लावलेले, हात गुडघ्यांवर किंवा शेजारणीच्या अंगावर. शेपटी नुसती लोंबते. आपल्या वानराला शेपटीने फांदी धरता येत नाही, ते कसब अमेरिकेतल्या काही माकडांचं.

आणखी एक, मुलांना आवडेल. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान रोज संध्याकाळी फांद्या मोडून-वाकवून नवं अंथरूण करतात. माकडं काहीच बांधत नाहीत. बांधायचं नाही म्हणून निवडीवरच सगळा भार.

गोंदणी

आमचं गाव नवेगावबांधच्या बाजूला. इथे टोळीचा हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा मुक्काम वेगळा आहे, हे कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

होळीपर्यंत ती जंगलाच्या कडेला असतात. नंतर साग, तेंदू, धावडा सगळे उघडे पडतात. वर बसलं तर चंद्रावरून दिसेल अशी दशा. मग टोळी गावात येते, देवळामागच्या वडावर. वडाला पानं आहेत, सावली आहे, आणि खाली बोरिंगच्या हौदात पाणी. वडाच्या फांद्या तुमच्या मोहासारख्याच आडव्या आणि जाड, पारंब्या तर जमिनीला टेकलेल्या. बिबट्याला याहून सोपं झाड नाही. तरी तिथेच झोपतात. कारण खाली रात्रभर दिवा, कुत्री, ओट्यावर झोपलेली माणसं.

आमची आजी म्हणते, वानर माणसाच्या भरवशावर झोपते आणि सकाळी माणसाचेच कवेलू फोडते. आता कवेलू राहिले नाहीत म्हणा, टिनं आलीत. पहाटे पाचला टिनावर टोळी उतरली की लेकरं दचकून उठतात.

कोरडवाहू

@गोंदणी, हे फार कामाचं आहे. म्हणजे झाड नापास झालं तरी झाडाखालची वस्ती त्याला पास करते.

पण कुत्र्यांसाठी बिबट गावातच येतो ना? आमच्याकडे कुत्री उरत नाहीत.

गोंदणी

येतो की. पण जमिनीवर सुटं कुत्रं मिळत असताना तो वडावर कशाला चढेल?

संत्रेवाला_वरूड

हे बाकी पटलं. 😄

बाभूळकाटा

मला झाड बदलण्याचं कोडं जास्त छळतंय. चांगली चार झाडं हातात आहेत, मग त्यातलं सगळ्यात चांगलं एकच का धरत नाहीत? माणूस असता तर कुंपण घालून सातबारा करून घेतला असता.

शेंडेफळ

याचं सगळ्यात गमतीदार उत्तर केनियातून आहे, बबून नावाच्या तिथल्या मोठ्या माकडांवरून. अंबोसेलीच्या पिवळ्या बबूनांवर 1982 मध्ये हाउसफेटर आणि मीड यांनी दाखवलं की ते झोपायच्या झाडांचे गट आलटून पालटून वापरतात आणि त्याचा संबंध जंतांशी आहे. रात्रभर वरून लीद पडते. तिच्यातली जंतांची अंडी फुटून अळ्या तयार व्हायला काही दिवस लागतात. अळ्या वाढायच्या आत बबून जागा सोडतात आणि त्या मेल्यावर परत येतात. त्यांना जंत कळतात असं कोणी म्हणत नाही. वास कळत असेल, घाण कळत असेल.

दुसरं उत्तर सरळ आहे, रोज एकाच जागी बसलेला बिबट्याला तोंडपाठ होतो. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात आणि झाड बघून ती वेगळी काढणं अवघड आहे.

मेळघाटी

वासाचं पटतं. मुक्कामाचं झाड शोधायचं तर मी वर बघतच नाही, खाली बघतो. काळपट हिरव्या लिदीचे गठ्ठे, अर्धवट चावलेली पानं, आणि मुताचा तो उग्र दर्प. वापरातल्या झाडाखाली पाच मिनिटं उभं राहवत नाही. सोडलेल्या झाडाखाली लीद वाळून भुसा झालेली असते, बोटाने मोडली तर आत शेण-किड्यांची भोकं. तो भुसा झाला की टोळी फिरून येते असा माझा अंदाज होता, पण तो मी कधी तारखा मांडून तपासला नाही.

पाऊलवाट

म्हणजे त्या झाडांना खतही मिळत असणार?

शेंडेफळ

मिळतं. आणि बियाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या जंगलात कोळी-माकडांच्या मुक्कामाखाली एका विशिष्ट झाडाच्या बियांचे ढीगच्या ढीग सापडतात, इतके की दाटीमुळे त्यातली बरीच रोपं पुढे टिकत नाहीत. आपलं वानर बिया चावून टाकतं, त्यामुळे तेवढा बीजप्रसार होत नाही. उंबराचे दाणे बारीक, त्यातले सुटत असतील.

कोरडवाहू

उंबराची रोपं नाल्यात आहेत खरी, पण ती पाखरांचीही असू शकतात.

ठरवतं कोण, ते राहिलं.

शेंडेफळ

वानरांच्या संध्याकाळवर नेमकं काम माझ्या वाचण्यात आलेलं नाही, पण बबूनांचं जवळचं उदाहरण आहे. केनियातल्या एम्पाला इथे 2012 मध्ये एका टोळीतल्या बहुतेक बबूनांना जीपीएसचे पट्टे लावले. 2015 साली निष्कर्ष आले. टोळी कुठे वळायचं ते मोठा नर ठरवत नाही. कोणीही दोन-चार जण एका दिशेने निघतात. जास्त जण त्या बाजूला झाले तर बाकीचे मागे जातात. दोन गटांची तोंडं फार वेगळ्या दिशांना असली तर टोळी एक दिशा निवडते, थोडीच वेगळी असली तर मधला रस्ता काढते. बाभूळकाटा, ग्रामसभा खरी निघाली, सरपंच नावालाच.

त्याच पट्ट्यांवरून 2022 मध्ये झोपेचंही काम झालं. हालचाल मोजणाऱ्या यंत्राने कोण किती झोपलं ते कळलं. नव्या, अनोळखी जागी बबून कमी झोपले. जवळ जास्त सोबती असले तरीही कमी झोपले. आदल्या रात्री जागरण झालं होतं म्हणून भरपाई केली असंही नाही. म्हणजे ओळखीचं झाड सुटलं की झोप जाते. हे वाचल्यापासून मला रस्त्याकडेची तोडलेली झाडं दिसली की तेच आठवतं.

कोरडवाहू

बरं झालं विषय निघाला, कारण धागा काढायचं अर्धं कारण तेच आहे.

आमच्या तालुक्यात एका रस्त्याचं रुंदीकरण झालं. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या चिंचा आणि कडुनिंब गेले. त्या चिंचांवर एक टोळी पिढ्यान्‌पिढ्या झोपायची. झाडं गेल्यावर टोळी गेली नाही. काही दिवस विजेच्या मोठ्या मनोऱ्यावर बसली, मग शाळेच्या टिनावर, मग गावात. आधी गावात वानर दुपारी यायचं, आता पहाटे पहिलं काम गावातच होतं. आणि ज्या वावरांना कधी त्रास नव्हता ती आता रोज उठतायत, कारण ती नव्या मुक्कामाच्या वाटेवर आली. लोक म्हणतात वानरं वाढली. मला तर तीच टोळी दिसते, तोंडं ओळखीची आहेत. एकीचा कान फाटलेला आहे, ती तर हमखास कळते. वाढली नाहीत, घर बदललं.

मग गावाने उपाय काढला : अंधार पडल्यावर झाडाखाली फटाके.

मेळघाटी

रात्री फटाके लावू नका. कळकळीने सांगतो. रात्री वानर आंधळ्यासारखंच असतं. उड्या मारतं आणि तारेवर जातं. विजेच्या तारेवर जळालेलं वानर उतरवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

शेंडेफळ

यामागे डोळ्याची रचना आहे. बिबट, चितळ, कुत्रा यांच्या डोळ्यामागे उजेड परतवणारा पडदा असतो, बॅटरी मारली की चमकतो तो. माकडांना तो नाही, आपल्यालाही नाही. रंग छान दिसतात, अंधार नाही. म्हणून ती उजेड असेपर्यंत चढून बसतात आणि उजाडेपर्यंत हलत नाहीत. कान्हाच्या जंगलात पॉल न्यूटन यांनी वानर आणि चितळ यांच्या सोबतीवर 1980 च्या दशकात काम केलं होतं. दिवसा वरून वानराचे डोळे आणि खालून चितळाचं नाक-कान, असा एकमेकांचा फायदा. रात्री त्यातला वानराचा वाटा शून्य होतो.

संत्रेवाला_वरूड

मंग कराव काय? थे झाडच तोडून टाकावं का?

कोरडवाहू

तोडून तर बघितलंच ना रस्त्यावाल्यांनी. झाड गेलं, टोळी गावात आली. शिवाय चिंच, मोह, आंबा, जांभूळ तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, आणि वानर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, हे दोन्ही लक्षात असू द्या.

मी करून पाहिलेलं सांगतो. हाकलायचं असेल तर वेळ एकच, ऊन कलल्यावर आणि मुक्काम ठरायच्या आधी. हिवाळ्यात साधारण चार वाजता. त्या वेळी टोळीला अजून दुसरं झाड गाठायला उजेड असतो. गावातल्या चिंचेखाली आम्ही चौघं-पाचजण टिनाचे डबे घेऊन नुसते उभे राहिलो, आरडाओरडा नाही. टोळी वळून नाल्याकडे गेली. पाच वाजता हेच केलं तर ती शेजारच्या घरावर गेली. तासाभराचा फरक आहे सगळा.

दुसरं, राखणीचं. आपण रात्रभर जागतो आणि पहाटे डोळा लागतो. डुकरासाठी ते ठीक. वानरासाठी रात्र जागून उपयोगच नाही, ते हलतच नाही. त्याचा पहिला घास उजाडल्यावर, मुक्कामाच्या झाडाला लागून असलेल्या वावरात. म्हणजे आज संध्याकाळी टोळी कुठे चढली ते पाहिलं की उद्या सकाळी कोणाच्या वावरात माणूस उभा करायचा ते कळतं. आम्ही पाच-सहा शेजाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर हेच चालू केलंय. ज्याला टोळी चढताना दिसेल त्याने झाडाचं नाव टाकायचं. "बेहडा" एवढाच मेसेज. सकाळी बेहड्याजवळचा दोन तास उभा राहतो, बाकीचे निवांत.

संत्रेवाला_वरूड

हे आमच्याइकडे जमते. पन एक सांगा, थंडीत टोळी उजाडल्यावरबी लवकर उतरत नाई. ऊन खात बसते शेंड्यावर.

कोरडवाहू

बरोबर. डिसेंबर-जानेवारीत ऊन अंगावर आल्याशिवाय उतरत नाहीत. तेवढा उशीर आपल्यालाही मिळतो, चहा घेऊन जा. उन्हाळ्यात मात्र फटफटायच्या आतच खाली.

गोंदणी

थंडीत एकमेकींना बिलगून गोळे करून बसतात, तेही पाहिलंय. 2018 च्या डिसेंबरात नागपूरला पारा 3.5 वर गेला होता, तेव्हा आमच्याकडेही कडाका होता. त्या दिवसांत वडावर वेगवेगळी वानरं दिसतच नव्हती, नुसते राखाडी गठ्ठे. आणि चक्क जानेवारीच्या आधीच गावात आली होती.

बाभूळकाटा

नवी झाडं लावायची तर कोणती? साग लावून तर उपयोग नाही, ऐन गरजेला उघडा.

गोंदणी

वड आणि उंबर. वडाची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर लावली तर धरते, बियांपेक्षा वर्षं वाचतात. नाल्याकाठी अर्जुन आणि जांभूळ. पहिली दोन-तीन वर्षं शेळ्यांपासून काट्याची बाड हवीच. आणि गावठाणापासून लांब लावा, नाहीतर पुढच्या पिढीच्या टिनांचं तुम्हीच ठरवलंत असं होईल.

मेळघाटी

नवं झाड मुक्कामाचं व्हायला निदान पंधरा-वीस वर्षं. तोवर असलेली वाचवा. त्यासाठी आधी ती कुठली ते गावाला माहीत पाहिजे. रस्त्याचं काम निघालं की मोजणीवाले येतात, तेव्हा "ही झाडं टोळीच्या मुक्कामाची आहेत" असं सांगणारा कागद ग्रामपंचायतीत हवा. नंतर ओरडून काही होत नाही.

पाऊलवाट

शाळेतल्या मुलांकडून अशी यादी करून घेता येईल का? सातवी-आठवीची मुलं गावातलं प्रत्येक झाड ओळखतात. झाडाचं नाव, जागा, कोणत्या महिन्यात टोळी असते.

मेळघाटी

जरूर करा, पण दुपारी न्या, टोळी चरायला गेलेली असते तेव्हा. संध्याकाळी मुलांना झाडाखाली नको, पिल्लंवाली मादी अंगावर येते आणि बिबट्याची वेळही तीच. पायात बूट. लिदीला हात लावायचा नाही, काडीने उकरायची. बुंध्यावर नखांचे चर दिसले तर जमिनीपासून किती उंच ते टेपने मोजून लिहायचं. खूण करायला चुना चालेल, खिळे ठोकू नका.